यथावकाश म्हणजे कधी?

‘आपल्या अर्जावर यथावकाश योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं पत्र हातात पडलं की आपण ते घडी घालून फायलीत ठेवतो आणि समजायचं ते समजतो. सरळ नकार देणाऱ्याला निदान वाईटपणा तरी घ्यावा लागतो. यथावकाश म्हणणारा त्यातूनही सुटतो. काम तर करायचंच आहे, फक्त आज नाही. मग त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून?

१८२३ साली लंडनमध्ये काही भली माणसं एकत्र आली आणि त्यांनी गुलामगिरीविरुद्ध एक संस्था काढली. भली म्हणजे खरोखरच भली. त्यांत विल्यम विल्बरफोर्स होते. वीस वर्षं संसदेत झुंजून १८०७ साली त्यांनी गुलामांचा व्यापार कायद्याने बंद करवला होता. पण बंद झाला तो व्यापार. आधीच नेलेली माणसं आणि त्यांची पोरंबाळं वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर होती तिथंच राहिली. त्यांच्यासाठी आता काही करावं, म्हणून ही संस्था. तिच्या लांबलचक नावातच तिचं धोरण आलं होतं: ब्रिटिश मुलखातल्या गुलामगिरीची धग कमी करायची आणि ती क्रमाक्रमाने नाहीशी करायची. मळेवाल्यांना दुखवायचं नाही, संसदेला बिचकवायचं नाही, गुलामांना आधी स्वातंत्र्याच्या लायक करायचं आणि मग मोकळं करायचं.

पुढच्याच वर्षी बाजारात एक छोटी पुस्तिका आली. तिच्यावर लेखकाचं नाव नव्हतं. भांडण मात्र मथळ्यापासूनच सुरू होत होतं: तत्काळ, क्रमाक्रमाने नव्हे. वाचणाऱ्यांपैकी अनेक जण हा कुणी पुरुषच असणार असं धरून चालले. युक्तिवाद कडक होता, राजकारण्यांचा मुलाहिजा कुठेच ठेवलेला नव्हता, आणि दयेची भीक तर नावालाही नव्हती. लिहिणारी होती लेस्टर गावातली पन्नाशी ओलांडलेली एक विधवा, एलिझाबेथ हेरिक.

हेरिकबाईंचा जन्म १७६९ चा. माहेरचा व्यवसाय लोकरी कापडाचा. लग्न लवकर झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. त्या माहेरी परतल्या, क्वेकर पंथात गेल्या, शाळा चालवली, तुरुंगातल्या कैद्यांना भेटत राहिल्या आणि लिहीत राहिल्या. मजुरी, तुरुंग, युद्ध, जनावरांचा छळ अशा विषयांवर त्यांच्या कितीतरी पुस्तिका आहेत. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. डर्बीशरमधल्या बॉन्सल गावी बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचा खेळ भरायचा होता. बाईंनी रोख पैसे मोजून तो बैलच विकत घेतला आणि जवळच्या एका घराच्या बैठकीच्या खोलीत, लोक पांगेपर्यंत, लपवून ठेवला. गावकऱ्यांना प्रवचन द्यायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. ज्याच्यावर कुत्री सोडायची तोच जागेवर नसला की खेळ आपोआप मोडतो, एवढा त्यांचा साधा हिशोब.

पुस्तिकेतला हिशोबही याच जातीचा आहे. मळेवाला गुलाम का ठेवतो? साखर विकली जाते म्हणून. ती घेतं कोण? आपण. मग मळेवाला चोर असेल, तर चोरीचा माल घरात ठेवून घेणारे आपण कोण? कायदा दोघांनाही आत टाकतो. संसदेकडे डोळे लावून बसण्यात काय अर्थ आहे, हा व्यवहार तर आपल्याच पैशावर चालला आहे. गिऱ्हाईक उठलं की दुकान उठतं.

याच पुस्तिकेत त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या, ज्या लिहायला त्या काळी छाती लागत होती. १८२३ मध्ये डेमेरारा वसाहतीत गुलामांनी उठाव केला होता आणि तो निर्दयपणे चिरडला गेला होता. चळवळीतले सभ्य पुरुष त्या उठावापासून अंग चोरत होते. हेरिकबाईंनी विचारलं, असह्य जुलमाविरुद्ध माणूस उठतो याला स्वसंरक्षण नाही तर काय म्हणायचं? दुसरा मुद्दा नुकसानभरपाईचा. गुलाम सोडले तर मालकांचं नुकसान होईल, ते कोण भरून देणार, अशी चर्चा तेव्हाच सुरू झालेली होती. बाईंचं म्हणणं, भरपाई द्यायचीच तर आधी त्याला द्या, ज्याने आयुष्यभर फुकट राबून दिलं आहे.

साखर सोडायची कल्पना त्यांची नव्हे. ती पस्तीसेक वर्षं जुनी होती. १७९१ साली विल्यम फॉक्स याची एक पत्रिका निघाली होती आणि चारेक महिन्यांत तिच्या सत्तर हजारांच्या आसपास प्रती खपल्या होत्या. फॉक्सने चक्क गणित मांडलं होतं: आठवड्याला पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास साखर लागणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती बंद केली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचतो. आकडा कितपत खरा हा प्रश्न वेगळा, पण साखरेच्या डब्यात माणसं मोजण्याची ही रीत लोकांच्या जिव्हारी लागली. थॉमस क्लार्कसन या कार्यकर्त्याच्या अंदाजाने तेव्हा तीन लाख लोकांनी साखर सोडली. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटलं, चळवळी म्हणजे राजद्रोह असं वातावरण झालं आणि साखर पुन्हा चहात पडू लागली.

हेरिकबाईंनी ही विझलेली चूल पुन्हा पेटवली. मैत्रीण सुझाना वॉट्स हिला बरोबर घेऊन त्या लेस्टरमध्ये दारोदार हिंडल्या. वाण्यांना भेटल्या, वेस्ट इंडीजची साखर ठेवू नका म्हणून सांगितलं. बर्मिंगहॅमच्या सोफिया स्टर्ज हिने तर एकटीने तीन हजार घरांचे उंबरे झिजवले असं म्हणतात. तीन हजार दारं म्हणजे काय, हे ज्याने जनगणनेला किंवा निवडणुकीच्या चिठ्ठ्या वाटायला पायपीट केली आहे त्याला विचारावं. निम्म्या दारांत ‘साहेब घरी नाहीत’ हे उत्तर. पण या बायकांना साहेब नकोच होते. साखर किती आणि कुठून आणायची हे ठरवणारी बाई घरात असली की पुरे. मत नाही, संसदेत पाऊल नाही, लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता नाही, पण घरात काय शिजेल आणि काय येईल यावर तिचा शब्द चालायचा. त्यांनी हाच अधिकार ताणून ताणून राजकारणापर्यंत नेला.

(आपल्या घरातली साखर कुठून येते, हे आपण कधी विचारतो का, असा प्रश्न मला इथे पडल्याशिवाय राहत नाही. मुकादमाकडून उचल घेऊन बीडकडची जोडपी दिवाळी आटोपली की कोयता घेऊन निघतात, ती उचल फिटेपर्यंत बांधलेली राहतात, आणि पाळीच्या दिवसांत खाडे पडू नयेत म्हणून तरण्या बायका गर्भाशय काढून घेतात, हे २०१९ मध्ये विधिमंडळातही गाजलं. याला वेस्ट इंडीजची गुलामगिरी म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण घेणाऱ्याचं काय, हा हेरिकबाईंचा प्रश्न साखरेच्या कोणत्याही पोत्याला लागू पडतो.)

वेस्ट इंडीजची नाही, तर मग कुठली साखर? उत्तर तयार होतं: ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्याकडची, मुख्यतः बंगालची. चिनी मातीच्या साखरदाण्यांवर सोनेरी अक्षरांत छापून येऊ लागलं की ही साखर गुलामांनी केलेली नाही, आणि सहा कुटुंबांनी ही वापरली तर एक गुलाम कमी लागेल. पाहुणे आले की साखरदाणी पुढे करायची. बाकीचं बोलणं ती करणार. प्रचाराची ही तऱ्हा बायकांनाच सुचावी. मात्र या गोडव्यात दोन खडे होते. एक म्हणजे ईस्ट इंडियाच्या साखरेचा हिरिरीने पुरस्कार करणारे लिव्हरपूलचे जेम्स क्रॉपर स्वतः त्या साखरेचे आयातदार होते. दुसरा खडा मोठा. हिंदुस्थानात तेव्हा गुलाम नव्हते असं मुळीच नाही. कंपनीच्या मुलखात दासदासींची खरेदीविक्री होत होती, वेठ होती, जन्मजात बांधिलकी होती. गुलामगिरी बंद करणारा १८३३ चा प्रसिद्ध कायदा झाला तेव्हा कंपनीचा मुलूख त्यातून मुद्दाम वगळला गेला आणि इथल्या गुलामीवर कायद्याचा हात पडायला १८४३ साल उजाडलं. साखरदाणीवरच्या सोनेरी अक्षरांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्याला या चळवळीची ओळख असते ती दोन ठिकाणांहून. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केली, ते एक. आणि शाळेच्या इतिहासात विल्बरफोर्स हे नाव येतं, ते दुसरं. दोन्हीकडे पुरुषच. म्हणून पुढचा भाग जरा सावकाश सांगावासा वाटतो.

एप्रिल १८२५ मध्ये वेस्ट ब्रॉमविच इथं ल्यूसी टाउनसेंड यांच्या घरी काही बायका जमल्या आणि त्यांनी बायकांची पहिली गुलामगिरीविरोधी संस्था काढली. टाउनसेंडबाई पाद्रीसाहेबांच्या पत्नी, त्यांच्या जोडीला चिटणीस म्हणून क्वेकर पंथातल्या मेरी लॉइड. संस्था बर्मिंगहॅमच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांनी शिवणाच्या पिशव्या शिवल्या. रेशमी किंवा सुती, नाडीने आवळायच्या, वर छापील चित्र: बेड्यांतली आई आणि तिचं मूल. आत सुईदोरा नाही, पत्रिका. त्यात जमैकाच्या वर्तमानपत्रांतल्या पळालेल्या गुलामांच्या जाहिरातींची कात्रणं, ज्यांत मालकांनी स्वतःच, ओळख पटावी म्हणून, अंगावरच्या डागण्यांच्या आणि फटक्यांच्या खुणा तपशीलवार छापलेल्या असत. विरोधकाचीच साक्ष, विरोधकाच्याच शब्दांत. एकही शिवी न देता यापेक्षा जहाल पत्रिका कशी तयार करणार? अशा हजारो पिशव्या विकल्या गेल्या, वाटल्या गेल्या. एक राजे चौथे जॉर्ज यांना गेली, एक लहानग्या राजकन्या व्हिक्टोरियाला.

पाहता पाहता देशभर बायकांच्या सत्तरच्या वर संस्था झाल्या. शेफिल्डच्या बायकांनी १८२७ साली उघड सांगून टाकलं की आम्हाला तत्काळ मुक्ती हवी. आणि विल्बरफोर्स? त्यांना हे रुचलं नाही. १८२६ च्या सुरुवातीला एका स्नेह्याला त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की बायकांनी सभा भरवाव्यात, पत्रकं छापावीत, अर्जांसाठी घरोघरी फिरावं हे धर्मग्रंथात वर्णिलेल्या स्त्रीस्वभावाला शोभत नाही. माणूस थोर, काम थोर, आणि ही अशी गाठ. त्यांच्या थोरपणाला यामुळे बाध येतो असं मी म्हणणार नाही. पण ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द त्यांच्या बाजूच्या लोकांना इतका सोयीचा का वाटला, हे यातून थोडं उलगडतं. संसदेत वावरणाऱ्याला उद्याही त्याच माणसांशी बोलायचं असतं. चार मतं मिळवायची तर चार शब्द गिळावे लागतात. या बायकांना मतंही मिळवायची नव्हती आणि खुर्च्याही. बाहेर ठेवल्याचा हा एक फायदा असतो. घासाघीस करायला कुणी बोलावतच नाही, त्यामुळे पहिलं वाक्यच शेवटचं म्हणून बोलता येतं.

पण पैसा त्यांच्याकडे होता, आणि लंडनच्या मध्यवर्ती संस्थेला तो लागत होता. १८३० च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या बायकांनी ठराव केला: आमची पन्नास पौंडांची देणगी हवी असेल, तर आधी आपल्या नावातून ‘क्रमाक्रमाने’ काढून टाका. भाषणं नाहीत, रडारड नाही. पावतीपुस्तक मिटून ठेवलं, इतकंच. पुढच्याच महिन्यात लंडनच्या सभेत तो शब्द नावातून गेला. सहा वर्षांच्या पत्रिकांनी वातावरण तापवलं होतं हे खरंच, सभेत तरुण मंडळींनीही दंगा केला होता, पण मला तो पन्नास पौंडांचा ठराव फार बोलका वाटतो. घरखर्च सांभाळणाऱ्या बाईला पैसे कधी द्यायचे यापेक्षा कधी अडवायचे हे जास्त चांगलं कळतं.

आतापर्यंत ज्या बायकांची नावं घेतली त्या सगळ्या गोऱ्या, बऱ्या घरच्या. त्यांच्या चित्रांतली गुलाम बाई गुडघे टेकून, हात जोडून वर पाहते. १८३१ साली मात्र एक पुस्तिका निघाली जिच्यातली बाई उभी राहून बोलते. ती मेरी प्रिन्स.

बर्म्युडा बेटावर १७८८ च्या सुमारास ती जन्मली. लिलावाच्या दिवशी तिच्या आईने तिला आणि तिच्या दोन बहिणींना स्वतःच्या हातांनी नवं जाडंभरडं कापड नेसवून बाजारात नेलं. तेव्हा मेरी बारा वर्षांच्या आसपासची. तिची किंमत आली सत्तावन्न पौंड. बहिणी वेगवेगळ्या मालकांकडे गेल्या. पुढे तिला टर्क्स बेटावरच्या मिठागरांत पाठवलं. पहाटे चारला उठून गुडघ्यापर्यंत खारट पाण्यात उभं राहायचं, नऊला मक्याचं काहीतरी पोटात ढकलायचं, की पुन्हा उन्हात मीठ ओढायचं. पायांना फोड येत आणि मीठ त्यांत शिरत शिरत हाडापर्यंत जाई. आपल्याकडच्या मिठागरांत राबलेल्या आगरी कुटुंबांना मिठाचे पाय म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. फक्त मेरीला घरी परत जायची सोय नव्हती आणि हातात मजुरी पडत नव्हती.

नंतर ती अँटिग्वा बेटावर विकली गेली. तिथं ती मोरेव्हियन पंथाच्या प्रार्थनेला जाऊ लागली, डॅनियल जेम्स या मुक्त माणसाशी तिने लग्न केलं, आणि लग्न केलं म्हणून चाबूकही खाल्ला. १८२८ मध्ये मालक जॉन वुड तिला लंडनला घेऊन आला. इंग्लंडच्या भूमीवर तिला धरून ठेवता येत नव्हतं. ती घराबाहेर पडली. पण अँटिग्वाला परत पाय ठेवला की ती पुन्हा गुलाम, आणि पैसे घेऊन तिला सोडायलाही वुड तयार नाही. नवरा समुद्रापलीकडे, स्वातंत्र्य इकडे. १८२९ साली तिच्या वतीने संसदेत अर्ज दाखल झाला. मग तिने ठरवलं की हे सगळं सांगायचं. गुलामाला काय वाटतं ते गुलामाच्याच तोंडून इंग्लंडने ऐकावं. ती सांगत गेली आणि सुझाना स्ट्रिकलंड या तरुण लेखिकेने उतरवून घेतलं. लंडनच्या संस्थेचे चिटणीस थॉमस प्रिंगल यांनी संपादन केलं. त्याच वर्षात पुस्तिकेच्या तीन आवृत्त्या निघाल्या.

इथं एक प्रसंग आहे जो मला बेचैन करतो. बर्मिंगहॅमच्या टाउनसेंडबाईंकडून विचारणा आली की मेरीच्या अंगावर खरोखर वळ आहेत का, याची खातरजमा हवी. २८ मार्च १८३१ रोजी प्रिंगल यांच्या पत्नीने उत्तर पाठवलं: मी, माझी बहीण, स्ट्रिकलंड आणि आणखी एक बाई, अशा चौघींनी पाहिलं, पाठभर व्रणांची जाळी आहे. हे पत्र तिसऱ्या आवृत्तीत पुरवणी म्हणून छापलं. विरोधक तिला खोटारडी ठरवायला टपलेलेच होते, पुढे कोर्टकचेऱ्याही झाल्या, तेव्हा पुरावा हवा होता हे समजतं. तरीही चाळिशी ओलांडलेल्या बाईला एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटी पाठ उघडी करून दाखवावी लागते, आणि ती तपासायला चार मैत्रिणी उभ्या असतात. ज्यांच्यासाठी आपण लढतो त्यांच्या शब्दावर आपला किती विश्वास असतो, ही या चळवळीची दुखरी जागा. जागा भरून निघाली असं मला वाटत नाही, तिथेही आणि इथेही.

१८३१ च्या ऑक्टोबरमध्ये हेरिकबाई गेल्या. कायदा त्यांनी पाहिला नाही. १४ मे १८३३ रोजी बायकांचा एक अर्ज संसदेत आला. त्यावर १,८७,१५७ सह्या होत्या आणि ते बाड आत आणायला चार सभासद लागले. आत हशाही पिकला आणि टाळ्याही पडल्या. त्याच ऑगस्टमध्ये कायदा झाला, १ ऑगस्ट १८३४ पासून लागू. आठेक लाख माणसांशी त्याचा संबंध होता. दोन कोटी पौंड भरपाई मंजूर झाली, ती मालकांना. राबलेल्यांना छदामही नाही. भरपाईचे दावे लावणाऱ्यांच्या याद्या अलीकडे अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा त्यांतले चाळीस टक्क्यांहून जास्त दावेदार बायका निघाल्या: कुणी विधवा, कुणी अविवाहित, कुणाला बापाने वर्षासनासाठी चार गुलाम ठेवून दिलेले. म्हणजे साखर सोडणारीही बाई आणि साखरेवर जगणारीही बाईच. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशोब ब्रिटिश खजिन्याने २०१५ साली मिटवला.

आणि तत्काळ मुक्तीचं काय? सहा वर्षांखालची मुलं तेवढी लगेच मोकळी. बाकीच्यांनी ‘उमेदवारी’ करायची, त्याच मालकाकडे, बहुतेक वेळ बिनपगारी, शेतावरच्यांनी सहा वर्षं. नावातून हाकललेला शब्द कायद्याच्या कलमांतून परत आला होता. बायकांनी पुन्हा कागद काढले, पुन्हा सह्या. आता लाखो बायकांच्या सह्यांचे अर्ज तरुण राणी व्हिक्टोरियाच्या नावे गेले. १ ऑगस्ट १८३८ रोजी, मुदतीच्या दोन वर्षं आधी, उमेदवारी संपली.

उसाला मात्र हात हवेच होते. मॉरिशसमधली गुलामगिरी अधिकृतपणे १ फेब्रुवारी १८३५ ला संपायची होती. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ॲटलस नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पाच वर्षांचा करार, ज्याला आपल्या लोकांनी गिरमिट म्हटलं. पुढच्या दशकांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडची माणसंही मुंबई बंदरातून याच वाटेने गेली, आणि मॉरिशसमध्ये आज गणपती बसवणारी मराठी घरं आहेत ती त्यांचीच. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या काही मंडळींनी हा नवा प्रकारही लगेच ओळखला, ओरड केली, १८३९ मध्ये भरती थांबवलीही. तीनच वर्षांत ती मॉरिशससाठी पुन्हा सुरू झाली.

१९१२ च्या मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळुकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात गिरमिट बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बाजूच्या मतांपुढे तो ३३ विरुद्ध २२ असा पडला. १९१६ साली मदनमोहन मालवीय यांनी तोच प्रश्न पुन्हा लावून धरला तेव्हा व्हाइसरॉय हार्डिंग यांनी तत्त्व मान्य केलं आणि सांगितलं, यथावकाश.

१९१७ च्या सुरुवातीला मुंबईत इंपीरियल सिटिझनशिप असोसिएशनची मंडळी सभेचा ठराव तयार करायला बसली. स्टॅनली रीड, लल्लूभाई सामळदास, नटराजन, पेटिट आणि गांधी. हा प्रसंग गांधींनी आत्मकथेत सांगितला आहे. मागणी कशी मांडायची यावर तीन सूचना होत्या: शक्य तितक्या लवकर, तत्काळ, किंवा ३१ जुलैपर्यंत. लल्लूभाईंना ‘तत्काळ’ हवं होतं, कारण ते तारखेपेक्षा कडक वाटत होतं. गांधींनी हेका धरला तो तारखेचा. तत्काळचा अर्थ सरकार आपला लावील आणि लोक आपला. ३१ जुलैचा अर्थ दोघांनाही एकच लावावा लागेल. शंभरएक वर्षांपूर्वी हेरिकबाईंनी ज्या शब्दासाठी पुस्तिका लिहिली, तोही एव्हाना इतका सैल झाला होता. तारीखच ठरली. मग जायजी पेटिट यांनी मुंबईच्या बायकांचं शिष्टमंडळ जमवलं आणि ते नव्या व्हाइसरॉयला, चेम्सफर्डना, जाऊन भेटलं. ३१ जुलै उजाडण्याआधीच सरकारने भरती थांबवल्याचं जाहीर केलं. महायुद्धासाठी माणसं हवी होती, हेही त्यामागे होतंच.